धंदा चोरी, शिक्षा निरंक

मी तिरसट आहे असं आमच्या तांड्यात म्हणतात आणि पंचायत समितीच्या कार्यालयातही म्हणतात. या दोन ठिकाणांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट असावी. मी अंगणवाडी चालवते. लेकरांची वजनं, उंच्या, खिचडी, लसी, सगळ्यांची रजिस्टरं ठेवते, आणि आता तेच सगळं परत मोबाईलमध्येही भरते, कारण वरच्यांचा रजिस्टरावर विश्वास नाही आणि आमचा मोबाईलच्या रेंजवर नाही. त्यामुळे कागदाला मी भीत नाही. कागद मागणाऱ्याला तर मुळीच नाही. तरीही भाचीच्या एका कागदापायी मी असा काही मार खाल्ला, की त्याचा वळ अजून आहे.

आमचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, मानोऱ्याच्या बाजूला. दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊस तोडायला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. माझा भाऊ आणि भावजय दरवर्षी जातात. त्यांची मुलगी चौथीपासून माझ्याकडे राहिली, कारण फडावर शाळा नसते आणि मी लग्न करून मोडून परत आलेली बाई, माझ्याकडे जागा होती. बारावीला तिला चांगले मार्क पडले. नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला, विमुक्त जातीच्या राखीव जागेवर. जातीचा दाखला होता, पण वैधता नव्हती. दाखला म्हणजे सरकार म्हणतं, तू या जातीची आहेस. वैधता म्हणजे तेच सरकार म्हणतं, मी मागे जे म्हणालो ते खरं होतं का ते तपासून पाहिलं. प्रवेश तात्पुरता दिला होता. ठरलेल्या तारखेपर्यंत वैधता आणली नाही तर जागा जाणार होती, आणि जागेसोबत पोरगी भावामागं उसाच्या फडावर जाणार होती. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. एवढंच होतं सगळं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजांनी एक कायदा केला होता, की या देशातल्या काही जमाती आईच्या पोटातूनच गुन्हेगार जन्मतात. त्यांची नावं पोलिसांच्या पुस्तकात चढवायची, त्यांनी रोज हजेरी द्यायची, चिठ्ठीशिवाय गाव सोडायचं नाही. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेली. त्या फिरण्याला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली, लदेणी बुडाली, आणि जी माणसं एका जागी बसत नाहीत ती चोरच असणार, असं साहेबानं ठरवलं. देश स्वतंत्र झाला तरी तो कायदा आणखी पाच वर्षं तसाच होता. झेंडा लावून झाला, मिठाई वाटून झाली, आणि आमचे लोक संध्याकाळी हजेरीला उभेच. मग कधीतरी तो कायदा काढला आणि आम्हाला ‘विमुक्त’ असं नाव दिलं. कोणी बांधलं होतं आणि काय म्हणून, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

एका कार्यक्रमात एका साहेबानं आमच्यापुढं भाषण केलं, की शासन ऐतिहासिक अन्यायाचं परिमार्जन करीत आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं मला कोपर मारलं आणि विचारलं, “थे कायची योजना हाये वं? फॉर्म कुठी भेटते?” मी हसले, पण ती बरोबर बोलली होती. अन्याय केलेल्या सरकारला करण्यासारखं पुष्कळ असतं. चुकलो म्हणता येतं. जमीन देता येते, फडावर शाळा काढता येते, पोलिसांच्या कपाटातली जुनी पुस्तकं लोकांपुढं उघडून ठेवता येतात. आमच्याकडे फॉर्म काढला. त्या फॉर्मची अट अशी, की एकोणीसशे एकसष्टच्या आधी तुम्ही इथं राहत होता आणि याच जातीचे होता याचा लेखी पुरावा आणा. ज्यांना चिठ्ठीशिवाय हलायची मुभा नव्हती, त्यांनीच आता सिद्ध करायचं की आम्ही इथंच होतो.

पुरावा म्हणजे माझ्या बापाचा. बापू त्या सालाआधी दीड वर्ष शाळेत गेला होता. मी त्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर काढायला लावलं. हेडमास्तर भला होता, शिडी लावून स्वतः वर चढला. पान पिवळं पडलं होतं, पण अक्षर सुरेख. विद्यार्थ्याचं नाव बापूचं, वडिलांचं नाव आजोबाचं, राहणार तांडा. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं : मजूर.

मी ते तीनदा वाचलं. हेडमास्तर म्हणाला, “ताई, मजूर ही काही जात नाही.”

“मले सांगता?” मी म्हटलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मग कोतवाल बुक. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा आणि त्यात जात लिहायचा, आमच्या भागात अर्ध्या जगाची वैधता त्या पुस्तकावर निघते. तहसिलात बापूच्या जन्माच्या सुमाराची पानं वाळवीनं खाल्लेली निघाली. गावातल्या पाटलांच्या जन्माची पानं शाबूत होती. वाळवीलाही माणसं कळतात. आणि तसंही, तांडा गावाबाहेर. कोतवाल तिकडं कशाला पाय झिजवेल?

मानोऱ्यात ज्याच्याकडे मी झेरॉक्स काढायचे तो दुकानदार जैन, चार पिढ्या त्याच जागी. तो म्हणाला, “ताई, आता तुमची फाईल तुमच्यापेक्षा जड झाली.” मग म्हणाला की त्याच्या घरी पणजोबाच्या हातचे कागद अजून पेटीत आहेत, पण आजवर कोणी कशासाठी मागितले नाहीत. त्याला वाटलं मला हे ऐकून बरं वाटेल. पेटी असलेल्याला कोणी विचारत नाही आणि ज्याचं पोतंही नव्हतं त्याच्याकडे पणजोबा मागतात, असं मी त्याला ऐकवलं. त्यानं त्या दिवशी दोन पानं जास्तीची काढून दिली.

जात पडताळणी समितीनं प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवलं. कागद पुरेसा नसला की हे पथक घरी येऊन चौकशी करतं. माणूस खरोखर त्या जातीचा आहे का, त्याचे देव कोणते, बोली कोणती, लग्नं कशी होतात, हे पाहतं. आणि या पथकात कोण असतं? पोलीस. ही शक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. विमुक्तांच्या घरी, ते विमुक्त आहेत की नाहीत हे विचारायला, पोलीस.

सकाळी दहाच्या सुमारास जीप आली. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तरी जीप वळणावर दिसताच समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी दारं लावून घेतली. बापू अंगणात बाजेवर बसला होता. तो उठला, चपला बाजूला काढल्या आणि अंगणाच्या मधोमध हात जोडून उभा राहिला. त्याचं वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, एरवी उठायचं म्हटलं की तीन माणसं लागतात. त्या दिवशी तो एकटा उठला.

अधिकारी तरुण होता आणि खरं सांगायचं तर नीट वागला. “आजोबा, बसा,” असं तो दोनदा म्हणाला. बापू बसला नाही. अधिकाऱ्यानं छापील कागद काढला. गाव कोणतं, वडील काय करत, भाऊ किती. बापू एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग अधिकाऱ्यानं विचारलं, “जात?”

“मजूर, सायेब.”

“बापू, नीट सांगा,” मी म्हटलं.

“ताई, तुम्ही बोलू नका. त्यांना सांगू द्या,” अधिकारी म्हणाला आणि त्यानं परत विचारलं, “आजोबा, जात कोणती तुमची?”

“मजूरच हावो सायेब. मजुरी करतो, खातो. दुसरं काई नाई.”

“आणि बाप? आजा?”

“थेबी मजूर.”

त्यानं लिहून घेतलं. पुढं देवांचं विचारलं, बापूनं नुसती मान हलवली. बोली बोलून दाखवा म्हटलं तर बापूनं वऱ्हाडीत सांगितलं, की आमी सगळ्यासारखंच बोलतो. ज्या माणसानं जन्मात घरात आमची गोरबोली सोडून शब्द काढला नाही, जो माझ्या वऱ्हाडीला हसतो, तो असं म्हणाला. (इथंही त्याचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते आहे. आमच्या बोलीत लिहिलं तर वाचणाऱ्यांपैकी शंभरातल्या नव्व्याण्णवांना कळायचं नाही, आणि उरलेला एक माझ्या चुका काढेल.) जीप गेली तेव्हा आमच्या प्रकरणात एकाऐवजी दोन ठिकाणी मजूर लिहिलं गेलं होतं.

मी बापूवर ओरडले. मला त्या ओरडण्याची लाज वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटते. पण तेव्हा मी खूप ओरडले. पोरीचं वाटोळं केलं म्हणाले. वय झालं म्हणजे अक्कल जाते का, म्हणाले. भाची मध्ये पडली, “आत्या, राहू द्या ना,” तर तिलाही झापलं. बापू बाजेवर बसून सगळं ऐकत होता. माझा श्वास संपल्यावर तो म्हणाला, “खाकीवाल्यानं जात पुसली का मजूर सांगा, असं माह्या बापानं मले शिकोलं. शाळेतबी थेच सांगतलं त्यानं. माह्यासमोर सांगतलं मास्तरले.”

“काहून?”

“काहून म्हंजे? बंजारा म्हनलं का पुस्तकात नाव चढे. मी चढू नोको म्हनून.”

मग त्यानं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. माझं वय पन्नासाला टेकलं होतं आणि हे माझ्याच घरातलं मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे या गोष्टी कोणी सांगत नाही. आजोबा रोज दिवस बुडताना पाटलाच्या ओट्याशी जाऊन उभा राहायचा. पाटील नाव घ्यायचा, आजोबा हात वर करायचा. पाटील जेवत असला तर जेवण होईस्तोवर थांबायचं. लग्नाला, मयतीला दुसऱ्या गावी जायचं तर ठाण्यातून चिठ्ठी आणायची. आजोबाची बहीण रिठदच्या बाजूला दिली होती. ती गेली तेव्हा चिठ्ठी तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर राख सावडून झाली होती. हे सगळं बापू चिडून सांगत नव्हता. त्याला चिडता येत नाही, ते खातं घरात माझ्याकडे आहे.

“अन् अंगठा?” तो म्हणाला. “दहाही बोटं घेतली होती त्याईनं पुस्तकात. घरी येऊन राखेनं घासे, तरी शाई निघे नाई.”

पुस्तकात. मी तिथंच उठून बसले. आजोबाचं नाव, जात आणि राहण्याचं ठिकाण एकसष्टच्या आधी कोणीतरी सरकारी शाईनं लिहून ठेवलं होतं. शाळेनं नाही, कोतवालानं नाही. ते पोलिसांनी केलं होतं, आणि पोलिसांचं काम पक्कं असतं.

ते पुस्तक शोधण्यात सहा आठवडे गेले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. मग स्वतः गेले. कोणत्या ठाण्यात ते लिहीत नाही, कारण ज्या हवालदारानं मदत केली त्याची नोकरी अजून बाकी आहे. पहिल्या खेपेला त्यानं मला बाहेरच्या बाकावर तीन तास बसवलं. दुसऱ्या खेपेला विचारलं, “बाई, असलं जुनं कायले पाह्यजे तुमाले? लोक तं आपलं नाव काढून टाका म्हनून येतात.” तिसऱ्या खेपेला त्यानं मागची खोली उघडली. एका कोपऱ्यात लाल फडक्यात बांधलेले बस्ते रचलेले होते आणि वर चिठ्ठी होती, ‘नष्ट करणेसाठी’. त्यातल्या चौथ्या बस्त्यात ते होतं.

रकान्यांचे मथळे इंग्रजीत छापलेले, आत भरलेलं सगळं बाळबोध मराठीत, बोरूनं. आजोबाचं नाव. बापाचं नाव. जात बंजारा. राहणार, आमचाच तांडा. उंची. उजव्या भुवईवर जखमेची खूण. डावा कान टोचलेला. खाली दहा बोटांचे ठसे, शाई फिकी पडून तपकिरी झालेली. मी आजोबाला पाहिलं नव्हतं, त्याचा फोटो कुठंच नाही. त्याच्या भुवईवर खूण होती हे मला त्या दिवशी कळलं. त्याचं एवढं बारीक वर्णन त्याच्या बायकोनंही कधी केलं नसेल.

मग पुढचे दोन रकाने वाचले. धंदा : चोरी. शिक्षा झाली असल्यास तपशील : निरंक.

निरंक हा शब्द मला रोज भेटतो. कुपोषित बालके, निरंक. लाभार्थी गैरहजर, निरंक. म्हणजे काही नाही, भोपळा. तर माझा आजोबा धंद्यानं चोर होता आणि आयुष्यात एकदाही चोरी करताना सापडला नव्हता. किती हुशार चोर म्हणायचा. ज्यानं हे लिहिलं त्यानं एकाच बैठकीत, एकाच बोरूनं दोन्ही रकाने भरले आणि त्याला काही खटकलं नाही. पुढची पानं चाळली. सगळ्यांचा धंदा चोरी, आणि बहुतेकांची शिक्षा निरंक. मी इतकी संतापले, की हवालदारानं मला पाणी आणून दिलं.

“बाई, आपन नाई लिवलं थे,” तो म्हणाला.

“जाळायले तं तुमीच काढलं ना?” मी म्हटलं. मग त्याचे आभारही मानले, नक्कल त्याच्याच हातून निघायची होती.

सुनावणीला तीन अधिकारी होते. मी भाचीला नवा ड्रेस घालून नेलं होतं. त्यांनी साक्षांकित प्रत हातात घेतली, एकमेकांना दाखवली, आणि मधल्या साहेबांचा चेहरा खुलला. “फार उत्तम पुरावा आहे,” ते म्हणाले. “इतका जुना, आणि शासकीय. असा भक्कम पुरावा क्वचित येतो.” दुसरे म्हणाले, की दक्षतेच्या अहवालातल्या ‘मजूर’चा आता खुलासा होतो, भीतीपोटी जात लपवली असावी. असावी. तिसऱ्यांनी भाचीला विचारलं की पुढं कोणत्या विभागात काम करायला आवडेल, तर ती म्हणाली लहान मुलांच्या. कोणीही त्या दोन रकान्यांबद्दल एक शब्द काढला नाही. मी काढणार होते. भाचीनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तारखेच्या चार दिवस आधी वैधता मिळाली. जागा पक्की झाली. पोरगी हॉस्टेलला गेली, भावाचा फडावरून फोन आला, तो फोनवर रडला. गोष्ट इथंच संपवली असती तर मी आज सुखात असते.

पण बापूनं विचारलं, “का लिवलं होतं त्यात?” आणि मी, मूर्ख बाई, नक्कल काढून त्याला वाचून दाखवली. भुवईची खूण ऐकून तो हसला. “बैलानं मारलं होतं,” म्हणाला. मग मी धंदा वाचला. मला गाळता आलं असतं. मी आयुष्यात काही गाळलं नाही, याचा मला गर्व होता.

“माह्या बापानं कोनाच्या काडीले हात नाई लावला,” तो म्हणाला. “भुकेनं मेला थो. चोरत असता तं जगला नसता का?” मग त्यानं मला काम सांगितलं. त्यानं मला आजवर कधी काही काम सांगितलं नव्हतं, लग्न मोडून आले तेव्हासुद्धा एक प्रश्न विचारला नव्हता. “तू कागदाची हायेस. थे चोरी काटून आन. मी मरायच्या आत.”

मी अर्ज लिहिला. आयुष्यात इतका सभ्य अर्ज लिहिला नाही. नुकसानभरपाई मागितली नाही, जमीन मागितली नाही, माफीसुद्धा मागितली नाही. एवढंच लिहिलं, की सदर नोंदीत शिक्षा निरंक असताना धंदा चोरी असं लिहिलेलं आहे, ते रद्द करून तिथं लाल शाईनं एक रेघ मारावी, सही-शिक्का करावा आणि त्याची प्रत माझ्या वडिलांना द्यावी. एक रेघ. अंगणवाडीत माझ्या हातून चूक झाली की मी रोज मारते तशी.

तो अर्ज जिल्ह्याला गेला, तिथून ठाण्याला गेला, ठाण्यानं ‘मार्गदर्शन व्हावे’ म्हणून परत पाठवला, आणि शेवटी अभिप्रायासाठी समितीकडे आला, कारण ती नोंद आता समितीच्या प्रकरणातला पुरावा होती. समितीतून फोन आला, येऊन भेटा. मी वाशिमला जाणाऱ्या एसटीत बसले तेव्हा मला खरोखर वाटत होतं, की रेघ मारायला बोलावलं आहे.

तिथल्या साहेबानं चहा मागवला. चहा मागवला की समजावं काम होणार नाही. तो म्हणाला, “तुमच्या भावना मी समजू शकतो. पण जुन्या अभिलेखात दुरुस्तीची तरतूद नाही.”

“मग तरतूद करा,” मी म्हटलं. “चढवायची तरतूद होती ना?”

तो हसला. मग त्यानं आवाज खाली आणला, आणि तो मला धमकावत नव्हता, हे मी आजही मानते. त्याला खरंच माझं भलं करायचं होतं. “ताई, जरा विचार करा. तुम्ही लेखी देताय की ही नोंद चुकीची आहे. याच नोंदीवर तुमच्या भाचीची वैधता उभी आहे. उद्या कोणी तक्रार केली, की अर्जदाराचे कुटुंबीयच पुरावा खोटा म्हणतात, तर प्रकरण परत उघडावं लागेल. मग दक्षतेचा अहवाल. शाळेची नोंद. दोन्हीकडे मजूर.”

“नोंद खोटी नाही म्हणत मी. धंदा खोटा म्हणते.”

“एक रकाना खोटा म्हटला, तर बाकीचे खरे कशावरून?”

मी खूप बोलले. आता आठवत नाही काय काय. बाजूच्या टेबलावरच्यांनी काम थांबवलं होतं. इंग्रज बरा होता, त्यानं तोंडावर तरी म्हटलं, असंही काहीतरी बोलले, जे मला पटत नाही आणि तरी बोलले. साहेब ऐकत राहिला. मला त्याचं बोलणं खोडून काढता आलं नाही, कारण पोरगी तेव्हा पहिल्या सत्राच्या परीक्षेला बसलेली होती.

क्लार्कनं कागद पुढं केला आणि मजकूर सांगितला. विषय, अर्ज मागे घेणेबाबत. मी माझा दिनांक अमुकचा अर्ज मागे घेत आहे. मी सही करायला लागले तर तो म्हणाला, “थांबा ताई, ‘स्वखुशीने’ राहिलं.” मी ते वर बारीक अक्षरात घातलं आणि सही केली.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. बापू बाजेवर बसून वाटच पाहत होता. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यानं विचारलं, “काटलं का?”

एसटीत मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. काटलं म्हणायचं, त्याला कुठं वाचता येतं फार, आमच्याच रजिस्टरातल्या एखाद्या कागदावर लाल रेघ मारून दाखवायची. पण त्याच्या तोंडाकडं पाहून ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. रेघ मारली तर पोरीची जागा जाऊ शकते, म्हणून मीच अर्ज मागे घेतला, हेही सांगितलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. एकदा परत विचारून खात्री करून घेतली, की त्या पुस्तकात ते तसंच राहील, आणि नक्कल समितीच्या फाईलमध्येही तशीच राहील. मी म्हटलं, तशीच राहील.

“म्हंजे माह्या बापाले चोर ठेवून तुमी पोरगी नर्स केली,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं.